बंधाऱ्याच्या अर्जावर माझीही सही होती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात आतल्या पानावर छोटीशी बातमी होती, कोकण किनाऱ्यावर आणखी धूप प्रतिबंधक बंधारे होणार म्हणून. आमच्या गावच्या ग्रुपवर लगेच अभिनंदनाचे मेसेज सुरू झाले, फुलं काय, हार काय. मी काहीच टाकलं नाही कारण मला जे म्हणायचंय ते दोन ओळीत मावत नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा.

आधी कबूल करून टाकतो. आमचं गाव दापोली तालुक्यात, अगदी समुद्राला लागून, आणि आमच्या बंधाऱ्यासाठी जो अर्ज गेला त्यावर माझीही सही आहे. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरातल्या, म्हंजे समुद्रकाठच्या नारळ-सुपारीच्या वाडीतल्या, पोफळी (सुपारीची झाडं) डोळ्यादेखत आडव्या झाल्या, नारळ बोटावर मोजण्याइतके राहिले, आणि पोफळ म्हंजे काय भाजीचं रोप नाही, आज लावली की उत्पन्नाला सहा-सात वर्षं थांबायचं. त्यातून सावरतोय तर पुढच्याच मे मध्ये तौक्ते. ते आमच्यावर आदळलं नाही, बाहेरून गेलं, पण उधाण असं चढलं की आगराचा गडगा, म्हंजे दगडी कुंपण, घेऊन गेलं आणि विहीर मचूळ झाली. दोन महिने चहाला चव नव्हती. अशा वेळी कोणी काळ्या दगडाची भिंत बांधून देतो म्हटलं तर माणूस सही करणार नाहीतर काय करणार?

बंधारा झाला. काम वाईट झालं असं मी म्हणणार नाही, पहिला पावसाळा आम्ही निवांत झोपलो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर लक्षात आलं की पुळण, म्हंजे किनाऱ्यावरची वाळू, खाली गेलीय. बंधाऱ्याच्या तळाचे दगड, जे बांधताना वाळूत गाडलेले होते, ते उघडे पडले.

आता पावसाळ्यात वाळू जाते यात नवीन काही नाही, आमची आजी म्हणायची समुद्र वाळू उसनी नेतो आणि दिवाळीनंतर परत आणून देतो. पण तो देतो कधी, तर लाटेला वर चढायला मोकळी जागा असेल तेव्हा. उताराच्या पुळणीवर लाट चढता चढता दमते, पाणी वाळूत मुरतं आणि आणलेली वाळू ती तिथंच टाकून जाते. दगडावर आपटलेली लाट दमत नाही, ती तशीच मागे फिरते आणि जाताना पायथा खरवडून नेते. शिवाय बंधारा जिथे संपतो तिथे शेजाऱ्याच्या आगरात समुद्र कोपऱ्यातून आत शिरलाय, त्याचे चार माड गेले. तो म्हणतो बंधारा माझ्यापर्यंत वाढवा. बरोबर आहे त्याचं, पण वाढवला की त्याच्या पुढच्याचा नंबर लागणार, आणि शाळेत पाठ केलेला ७२० किलोमीटरचा किनारा असाच दगडाने मढवायचा का?

हे झालं माणसांचं. गेल्या माघात आमच्या गावच्या कासवमित्र, म्हंजे कासवांची घरटी राखणाऱ्या, पोराबरोबर मी पहाटे फेरीला गेलो होतो. साडेचारची वेळ, बॅटरीला लाल कागद लावलेला. पाण्याकडून वर आलेला पट्टा दिसला, लहान ट्रॅक्टरचं चाक गेल्यासारखा. पट्टा थेट बंधाऱ्यापर्यंत. तिथे दोन दगडांच्या फटीत थोडं उकरलेलं, मग दगडांच्या कडेकडेने वीसेक पावलं, परत एकदा उकरलेलं, आणि मग सरळ खाली पाण्याकडे. खड्डा नाही, अंडी नाहीत. पोरगा म्हणाला, "काका, हिला वरची वाळू पायजे होती." एवढंच बोलला आणि वहीत वेळ लिहून पुढे गेला. मला मात्र त्या उकरलेल्या फटीपुढून हलवेना, सही डोळ्यासमोर येत होती.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची मादी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत मागच्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात साधारण शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून दाबते आणि निघून जाते. पुढे ४५ ते ६० दिवस ती वाळूच अंडी उबवते, पिल्लू नर होणार की मादी हेसुद्धा वाळू किती तापते त्यावर ठरतं. म्हंजे वरची कोरडी पुळण गेली की पाळणाघरच गेलं. खाली ओल्या वाळूत अंडी घातली तर पुढच्या उधाणात ती कुजतात. बरं हा प्राणी साधासुधा नाही. २०२१ ला ओडिशात टॅग केलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत आपल्या गुहागरला अंडी घालताना सापडली. पार बंगालच्या उपसागरातून वळसा घालून इकडे आली बिचारी! अशी एखादी आमच्या गावाला आली तर शेवटच्या पन्नास फुटात आम्ही तिला दगड दाखवणार.

मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना धरून अंडी वाचवायचं काम उभं केलं. त्याआधी किनाऱ्यावर अंडी सर्रास खाल्ली-विकली जायची, आमच्या घरात पण आली असतील, उगाच साव का व्हायचं. वीस वर्षांत माणसाची सवय बदलली, आता पोरं रात्ररात्र राखण करतात, कासव बघायला पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, घरगुती खानावळी चालतात. आणि आता जागाच जातेय.

माझ्या लहानपणी आमचं घर आणि समुद्र यांच्यामध्ये दोन पुरुष उंच वाळूची टेकाडं होती. वर मर्यादवेल पसरलेली, जांभळी फुलं, मागे केवडा, त्याच्या मागे उंडी. मर्यादवेल हे नाव ज्याने ठेवलं त्याला काय म्हणायचं होतं ते मला पन्नाशीत कळलं. ही टेकाडं कोणी खाल्ली? समुद्राने नाही हो. आम्हीच ट्रॅक्टर लावून नेली, कोणी भरावाला, कोणी बांधकामाला. आमच्या मागच्या खोलीचं प्लास्टर त्याच वाळूचं आहे आणि खारी वाळू असल्यामुळे दर पावसाळ्यात पोपडे धरतं, समुद्राचा हिशोब बघा. मग रिकाम्या जागेवर सुरूची झाडं लावली. सावली छान, फोटोला छान, पण त्या सुयांच्या थराखाली मर्यादवेल टिकत नाही, आणि निसर्ग वादळात सुरूही पोफळींसारखेच लोळले.

गंमत म्हंजे सीआरझेडच्या, म्हंजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांवर बंधनं घालणाऱ्या, नियमात वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या अंडी घालायच्या जागा सगळ्यात कडक गटात आहेत. आम्हाला पडवी दोन हात पुढे घ्यायची तर तो नियम लगेच सापडतो.

माझं म्हणणं बंधारे नकोतच असं नाही. जिथे घर आज उद्या पडतंय तिथे दगड टाका, मी आडवा येणार नाही. पण जिथे अजून पुळण शिल्लक आहे तिथे आधी टेकाड परत उभं करून बघा ना, काठ्यांची कुंपणं घालून वाळू धरायची, मर्यादवेल लावायची, दोन-तीन वर्षं गाड्या आणि घोडागाड्या आत सोडायच्या नाहीत. खर्च बंधाऱ्याच्या मानाने किरकोळ. दगडच टाकायचे तर जितके मागे घेता येतील तितके मागे घ्या, आणि आराखडा पक्का करण्याआधी गावच्या कासवमित्राची वही उघडून बघा, कुठल्या पट्ट्यात किती घरटी झाली ते तारखेसकट लिहिलेलं असतं. आणि काम थंडीत काढू नका. नोव्हेंबर ते मार्च कासवं वर येतात आणि नेमके तेव्हाच पुळणीवर डंपर फिरतात. आमच्याकडे तेच झालं.

मी काय इंजिनियर नाही, माझं चुकत असेल तर ज्यांना कळतं त्यांनी तुमच्याच पेपरात लिहावं, मी वाचीन. तोपर्यंत एक काम केलंय. बंधाऱ्याच्या पाच दगडांवर, वाळूच्या पातळीला, ऑइलपेंटने पांढरी रेघ मारून ठेवलीय. दिवाळीत टेप घेऊन मोजणार आहे, रेघेखाली किती दगड उघडा पडलाय ते तुम्हाला कळवतो.

आपला,
एक आगरवाला वाचक, ता. दापोली