खुर्ची मापाची हवी आणि टेबलाच्या हिशेबाने बसवलेली हवी

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवसाचे आठ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्यांच्या कंबरदुखीवर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. सल्ला मात्र बहुतेक ठिकाणी एका वाक्यात आटोपतो : चांगली खुर्ची घ्या आणि ताठ बसा. खुर्च्या निवडणे, बसवणे आणि दुरुस्त करणे हे आमचे रोजचे काम आहे, आणि आमच्या मते या सल्ल्याचा पहिला भाग अर्धवट व दुसरा चुकीचा आहे. महागडी खुर्ची असूनही मान आखडते, पायांना मुंग्या येतात, खांदे भरून येतात. अशा वेळी खुर्चीत दोष क्वचितच सापडतो. ती बसणाऱ्याच्या मापाची आहे का आणि समोरच्या टेबलाशी तिचे जमते का, हे कोणी पाहिलेलेच नसते.

म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन तीन मापे काढावीत. रोजचे बूट-चपला घालून कडक स्टुलावर बसायचे. पहिले माप जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळणापर्यंत. दुसरे नितंबांच्या मागच्या टोकापासून त्याच वळणापर्यंत. तिसरे बैठकीपासून कोपरापर्यंत, दंड सैल सोडून आणि कोपर काटकोनात ठेवून. चौथा आकडा टेबलाच्या उंचीचा. हे चार आकडे हाती असले की विक्रेत्याच्या निम्म्या बोलण्याची गरजच उरत नाही.

आता हिशेब पाहा. तयार मिळणारी बहुतेक टेबले ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात. एखाद्या उंच माणसाचे पहिले माप ४८ आणि तिसरे २६ असेल, तर त्याचे कोपर ७४ सेंटिमीटरवर येते. टेबल जणू त्याच्याच बेताने केलेले. पण बुटक्या व्यक्तीचे पहिले माप ४० आणि तिसरे २३ असते. पाय जमिनीवर टेकवून ती बसली, तर कोपर ६३ वर आणि टेबल ७४ वर. या ११ सेंटिमीटरची भरपाई ती दिवसभर खांदे उचलून करते. संध्याकाळी मानेच्या दोन्ही बाजूंचे स्नायू दगडासारखे होतात ते यामुळे, आणि खुर्ची बदलून ते सुटणारे नाही. टेबल खाली येत नसेल तर बैठक ५१ पर्यंत वर घ्यायची आणि पायांखाली ११ सेंटिमीटरची भक्कम पायटेक द्यायची. पायटेक दोन्ही पाऊले मोकळी हलतील इतकी, म्हणजे ४० ते ४५ सेंटिमीटर रुंद असावी. नुसती खुर्ची वर घेऊन पाय लोंबकळत ठेवले तर बैठकीची पुढची कड मांडीखाली रुतते, रक्तप्रवाह आणि नसा दोन्ही दबतात, पाय बधिर होतात. टेबलाखाली सरकता कीबोर्ड ट्रे बसवणे हा दुसरा मार्ग, पण ट्रे आणि मांडी यांच्यामध्ये जागा उरते का ते आधी मोजावे.

थोडक्यात, टेबल पक्के असेल तर जुळणी कोपरापासून सुरू करायची आणि टेबल वरखाली होणारे असेल तर पायांपासून. माहितीपत्रकांत सर्रास पायांपासून सुरू करण्याचीच पद्धत छापलेली असते. पक्क्या टेबलापुढे ती निरुपयोगी ठरते.

निवडताना आम्ही सर्वांत जास्त भर बैठकीच्या खोलीवर देतो, आणि ग्राहक तिकडे सर्वांत कमी पाहतात. पाठ पूर्ण मागे टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांच्यामध्ये दोन-तीन बोटे मावली पाहिजेत. ज्यांचे दुसरे माप ४४ सेंटिमीटर आहे त्यांना ४८ खोलीची बैठक चालतच नाही. कड गुडघ्यामागे टोचते, माणूस आपोआप पुढे सरकतो आणि पाठीचा टेकू मागे रिकामा राहतो. मग ज्याच्यासाठी पैसे मोजले तो कमरेचा आधार दिवसभर हवेला टेकलेला असतो. बैठक पुढेमागे सरकवण्याची सोय असलेली खुर्ची थोडी महाग पडते, पण घरात किंवा कार्यालयात एकाहून अधिक जण ती वापरणार असतील तर तोच खर्च सर्वांत आधी करावा. ती सोय नसेल तर पाठीशी ४-५ सेंटिमीटर जाडीची कडक उशी दिली की खोली तेवढीच कमी होते. उशी मऊ असली तर तासाभरात चेपते आणि मूळ अडचण परत येते. उलट, लांब पायांच्या माणसाला बैठक आखूड पडली तर मांडीचा पुढचा बराच भाग अधांतरी राहतो आणि सगळा भार बसायच्या दोन हाडांवर येतो. हर्मन मिलर कंपनीची १९९४ सालची एरॉन खुर्ची तीन वेगवेगळ्या मापांत मिळू लागली ती याच विचाराने. चप्पल घेताना आपण नंबर विचारतो, खुर्चीच्या बाबतीत अजून कोणी विचारत नाही.

आता ‘ताठ बसा’विषयी. गुडघे, कंबर आणि कोपर काटकोनात ठेवून पुतळ्यासारखे बसणे कोणालाही वीस मिनिटांच्या वर जमत नाही, आणि जमवण्याची गरजही नाही. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला. टेकू न घेता बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरला. नंतरच्या काही मोजमापांत हा फरक इतका दिसला नाही, पण पाठ मागे कलवली की चकतीवरचा दाब उतरतो ही गोष्ट टिकून राहिली. म्हणून पाठीचा टेकू बैठकीशी १०० ते ११० अंशांचा कोन करील एवढा कललेला ठेवावा आणि कमरेचा फुगवटा बेल्टच्या किंचित वर, कमरेच्या खोलगट भागात बसेल असा जुळवावा. हा फुगवटा बरगड्यांशी आला तर माणूस पुढे ढकलला जातो. फार खाली आला तर माकडहाडावर दाब पडतो.

येथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी. अनेक खुर्च्यांत टेकूची उंची बदलायला बटण किंवा लिव्हर दिसत नाही. दोन्ही हातांनी टेकू धरून सरळ वर उचलला की कट-कट आवाज करत तो एकेक टप्पा वर चढतो. शेवटच्या टप्प्याच्या पुढे ओढला की सुटतो आणि थेट तळाला येतो. तिथून पुन्हा हव्या त्या टप्प्यावर आणायचा. टेकू असा घसरून आला की लोक खुर्ची मोडली असे समजतात आणि पुन्हा हात लावत नाहीत. दुसरी अशीच तक्रार झुकण्याच्या लिव्हरची. लिव्हर ‘उघडा’ केला तरी पाठ मागे जात नाही, म्हणजे तो बिघडला असे नव्हे. टेकू एकदम सुटून पाठीवर आदळू नये म्हणून चांगल्या यंत्रणेत मुद्दाम अडसर असतो. लिव्हर सोडल्यावर पाठीने टेकूला हलके मागे रेटले की तो मोकळा होतो.

झुकण्याचा ताण ठरवणारी गोल मूठ बैठकीखाली पुढच्या बाजूला असते. ती कारखान्यातून आलेल्या अवस्थेतच वर्षानुवर्षे राहते. हलक्या माणसाला अशी खुर्ची मागे झुकूच देत नाही आणि वजनदार माणसाला उताणा पाडते. मग दोघेही ती कुलूपबंद करून टाकतात. हे टाळायचे तर कुलूप उघडे ठेवून, पाठीचा भार काढून घेऊन मूठ फिरवावी. एखाद्या फेऱ्याने फरक कळत नाही, बऱ्याच खुर्च्यांत आठ-दहा फेरे लागतात. पाय न रेटता, नुसत्या पाठीच्या भाराने टेकू सावकाश मागे जावा आणि मधल्या कोणत्याही कोनात माणूस तोलून राहावा, इतका ताण बरोबर.

यंत्रणा कोणती आहे हेही विचारावे. सर्वांत साध्या प्रकारात झुकण्याचा सांधा गॅस लिफ्टच्या, म्हणजे बैठक वरखाली करणाऱ्या मधल्या नळीच्या, बरोबर वर असतो. मागे झुकताना बैठकीची पुढची कड वर उचलली जाते आणि टाचा सुटतात. सिंक्रो यंत्रणेत पाठ साधारण दोन अंश झुकली की बैठक एकच अंश झुकते, त्यामुळे पाय जमिनीवर राहतात. दीर्घकाळ बसणाऱ्यांनी तीच घ्यावी.

खुर्चीच्या हातांनी फायद्यापेक्षा नुकसान जास्त केलेले आम्ही पाहतो. सैल सोडलेल्या कोपराला ते नुसते स्पर्शतील इतक्या उंचीवर हवेत. उंच असले तर खांदे चढतात, खाली असले तर माणूस एका बाजूला कलतो. सर्वांत वाईट म्हणजे न हलणारे उंच हात टेबलाच्या कडेला अडतात, खुर्ची आत जात नाही आणि माणूस पाठ सोडून पुढे वाकतो. असे हात सरळ काढून टाकावेत. बहुतेक खुर्च्यांत ते बैठकीच्या खालून दोन-तीन बोल्टने बसवलेले असतात आणि अॅलन कीने निघतात. हात नसलेली खुर्ची अडणाऱ्या हातांच्या खुर्चीपेक्षा केव्हाही बरी.

डोक्याची उशी काम करताना लागत नाही. मागे रेलल्यावरच तिचा उपयोग. ती सरळ बसल्यावरही डोक्याला लागत असेल तर मान पुढे ढकलते आहे. गेमिंग खुर्च्यांच्या बाजूंचे उंच काठ मोटारगाडीत वळणावर शरीर धरून ठेवायला ठीक. कार्यालयात ते खांदे पुढे दाबतात आणि मांड्यांना हलू देत नाहीत.

फोम हाताने दाबून कळत नाही. बैठकीवर गुडघा टेकवून पूर्ण भार द्यावा. खालची फळी लागली तर तो फोम वर्षभरही टिकणार नाही. त्यानंतर खुर्चीत किमान वीस मिनिटे बसावे, कारण पहिल्या दोन मिनिटांत सर्वांत मऊ खुर्चीच सर्वांत चांगली वाटते. जाळीच्या बैठकीला हवा खेळती राहते, पण तिच्या चौकटीची पुढची कड मांडीला कडक लागते का ते बसून पाहावे. जाळी मधून सैल पडली तर ही कड वर येते आणि पुन्हा ताणून घेता येत नाही.

‘बिफ्मा प्रमाणित’ या शिक्क्याबद्दल मोठा गैरसमज आहे. बिफ्मा ही अमेरिकेतील फर्निचर उत्पादकांची संघटना. तिचे एक्स ५.१ हे मानक मजबुती, टिकाऊपणा आणि सुरक्षितता तपासते. त्याच्या चालू चाचण्या सुमारे १२५ किलो वजनाचा माणूस धरून आखलेल्या आहेत. युरोपचे ईएन १३३५ हे मानक ११० किलोपर्यंतचा माणूस आणि दिवसाचे आठ तास गृहीत धरते. शिक्का जरूर पाहावा, पण एक्स ५.१चा शिक्का खुर्ची मोडणार नाही एवढेच सांगतो. ती तुमच्या अंगाला बसेल का, हे तो सांगत नाही.

जोडणी करताना सर्व बोल्ट आधी दोन-तीन आटे फिरवून सैल ठेवावेत आणि मग तिरक्या जोड्यांनी आवळावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर उरलेल्यांची छिद्रे जुळत नाहीत आणि आटे मरतात. दोन-तीन आठवड्यांनी सगळे पुन्हा एकदा आवळावेत. लाकडी फळी दबल्याने ते सैल होतात आणि कुरकुर तिथूनच येते. चाके जमिनीप्रमाणे निवडावीत. गुळगुळीत फरशीवर मऊ रबरी धावेची, गालिच्यावर कडक. उलटे केले तर फरशीवर खुर्ची पायाखालून पळते.

बसल्यावर खुर्ची हळूहळू खाली जात असेल तर गॅस लिफ्टचे सील गेले आहे. आतला नायट्रोजन दाबाखाली असतो, त्यामुळे ती उघडणे, तापवणे किंवा तिला भोक पाडणे धोक्याचे आहे. दुरुस्ती होत नाही, पण बदलता येते. ती स्क्रूने बसवलेली नसते, निमुळत्या टोकांनी घट्ट अडकलेली असते. बहुतेक खुर्च्यांत खालच्या नळीचा व्यास ५० आणि वरच्या दांड्याचा २८ मिलिमीटर असतो. लांबी मात्र मोजूनच न्यावी. एवढ्यासाठी चांगली खुर्ची भंगारात देऊ नये.

स्क्रीनबद्दल थोडेच. वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर हातभर. लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड नसेल तर कोणतीही खुर्ची मान वाचवू शकत नाही. आणि सगळे जुळले तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून दोन मिनिटे चालावे.

शेवटी खरेदी करणाऱ्या कार्यालयांना विनंती. एक नमुना पाहून शंभर खुर्च्या मागवण्याआधी तो एका बुटक्या, एका मध्यम आणि एका उंच कर्मचाऱ्याला प्रत्येकी पूर्ण दिवस वापरायला द्या. मागणीपत्रात रंग आणि कापडाबरोबर बैठकीची किमान व कमाल उंची, खोलीची मर्यादा आणि हातांची सर्वांत खालची उंची सेंटिमीटरमध्ये लिहा. पायटेकांची मागणी त्याच पत्रात जोडा. खुर्च्या आल्या की प्रत्येकाला पंधरा मिनिटे देऊन जाणत्या माणसाकडून जुळणी करून घ्या. जिथे पाळ्यांमध्ये एकच खुर्ची दोघे-तिघे वापरतात, तिथे खुर्चीशेजारी टेप धरून प्रत्येकाने आपल्या बैठकीची उंची मोजावी, आणि ती उंची व टेकूचा टप्पा कागदावर लिहून टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पाळी बदलताना जुळणीला मग अर्धा मिनिटही लागत नाही.

आपले,
कार्यालयीन आसनव्यवस्थेचे काम करणारे काही वाचक