काचेच्या बशीत न मिळणारे उत्तर

प्राण्यांवरील प्रयोग सरसकट थांबवावेत, अशी मागणी करणारा आपल्या अंकातील लेख वाचला. त्यामागची कळकळ मान्य करूनही ती मागणी मला पटत नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारामुळे आपल्याकडे कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले. मधुमेह आणि स्टेरॉइड या आजारात घातक का ठरतात, याचा बराच उलगडा उंदरांवरील प्रयोगांनी काही दशके आधीच केला होता : निरोगी उंदराच्या फुप्फुसातील जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी बुरशीच्या बीजाणूंना अंकुर फुटू देत नाहीत, मधुमेही उंदराच्या पेशींना मात्र ते जमत नाही. रक्तातील साखर आणि प्रतिकारशक्ती यांचे हे नाते काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींत पुरते उमगत नाही. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पारदर्शक पिलात पेशी बीजाणू गिळताना सूक्ष्मदर्शकाखाली थेट दिसते; तेवढ्याने भागत असेल तिथे उंदीर वापरू नयेत, हा आग्रह मात्र रास्त आहे.

– एक वाचक, पुणे