चार पाऊण तीन

फोर्ट वर्थ, टेक्सास
१२ ऑक्टोबर

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

व्हिडिओवर धड बोलणं होत नाही. निम्मा वेळ "दिसतंय का, ऐकू येतंय का" यातच जातो. परवा तू विचारलंस, "तिथं नाचायला जातेस म्हणे?" आणि पाठीमागून दाजी खो खो हसले. म्हणून आता सविस्तर लिहूनच पाठवते. दाजींनाही वाचून दाखव, हसून झाल्यावर.

हो, जाते. लेकीच्या घरापासून चालत जाण्यासारखं ज्येष्ठांचं एक केंद्र आहे, पालिकेनं चालवलेलं. तिथं सकाळी कंट्री गाण्यांवर लाइन डान्स शिकवतात. जोडीदार लागत नाही, कुणी कुणाचा हात धरत नाही. ओळीनं उभं राहायचं, सगळ्यांची तोंडं एकीकडं, आणि सगळ्यांनी तीच पावलं टाकायची. बहुतेक साठी ओलांडलेल्या बायकाच. पुरुष मोजके, तेही बायकांनी ओढून आणलेले. अपवाद एका म्हाताऱ्या ट्रकवाल्यांचा, ते आपल्या पायांनी येतात. त्यांच्याबद्दल पुढं सांगते. हे आले होते माझ्याबरोबर, पण बाकावर बसून लोकांच्या टोप्या न्याहाळत राहिले.

एक पाऊल सांगते, करून बघ. ह्याला ग्रेपव्हाइन म्हणतात. उजवा पाय उजवीकडं, डावा त्याच्या मागून पलीकडं, उजवा पुन्हा उजवीकडं, आणि डावा शेजारी नुसता टेकवायचा. टेकवायचा म्हणजे त्याच्यावर भार द्यायचा नाही. सगळी गोम तिथंच आहे. भार दिलास की पुढच्या पावलाला जो पाय मोकळा हवा तोच नेमका जमिनीत रुतलेला असतो, आणि सगळी रांग डावीकडं निघाली तरी तू तिथंच उभी. ओट्याला धरून कर. गुडघा कुरकुरला तर लगेच सोड. इथल्या बाई आधी सगळ्यांचे बूट तपासतात. रबरी तळ लाकडी फरशीला धरून बसतो, अंग वळतं आणि गुडघा मागं राहतो. म्हणून चामडी तळाचे बूट हवेत, बेतानं घसरणारे. काही जणी साध्या बुटांच्या तळाला मऊ चामडं चिकटवून आणतात. मीही तेच केलं, उगाच डॉलर कशाला घालवायचे!

पण मला गोडी लागली ती पावलांची नाही, हिशेबाची. प्रत्येक नाचाचा एक छापील कागद असतो. वर लिहिलेलं असतं, इतके काउंट (म्हणजे मात्रा), इतक्या भिंती. बत्तीस काउंट म्हणजे आठाचे चार गट. ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. पण मधे कुठंतरी वळण असतं, त्यामुळं दुसऱ्या वेळी आपलं तोंड दुसऱ्या भिंतीकडं असतं. दर फेरीला पाव वळण असेल तर चार फेऱ्यांत चारी भिंती होतात. अर्धं असेल तर पुढची-मागची, दोनच. दिशा घड्याळाप्रमाणं लिहितात. समोरची भिंत बारा वाजता, उजवी तीनला, मागची सहाला, डावी नऊला.

एका नाचात दर फेरीला उजवीकडून पाऊण वळण आहे. तिथं सगळ्यांची त्रेधा उडते. निम्म्या इकडं तोंड करतात, निम्म्या तिकडं, आणि समोरासमोर आल्या की हसत सुटतात. मी मनातल्या मनात पाऊणकी म्हणते, पाऊणचा पाढा. एक पाऊण पाऊण, म्हणजे डावी भिंत. दोन पाऊण दीड, मागची. तीन पाऊण सव्वादोन, उजवी. चार पाऊण तीन, पूर्ण तीन गिरक्या होऊन पुन्हा समोर! अण्णा संध्याकाळी पायरीवर बसवून घोकून घ्यायचे तेव्हा तू विचारायचीस, हे कुठं उपयोगी पडणार? अक्का, टेक्सासात पडलं. आता बाई मला पहिल्या ओळीच्या कोपऱ्यात उभं करतात. भिंत बदलली की जो कोपरा पुढं येईल तिथं खात्रीचं माणूस लागतं. नाहीतर ज्या मागं राहून दुसरीचं बघून नाचतात, त्याच अचानक सगळ्यांच्या पुढं येतात.

काही गाण्यांत चार मात्रा जास्त निघतात आणि बत्तिसाचा हिशेब जुळत नाही. मग तेवढ्यापुरती दोन-चार जादा पावलं घालतात, अधिक महिन्यासारखी. हे ज्यानं शोधलं त्याला मी मनोमन नमस्कार केला.

केंद्रातल्या मंडळींनी आम्हाला बिली बॉब्जलाही नेलं. इथं गुरांचा जुना बाजार आहे, स्टॉकयार्ड्स नावाचा. तिथं १९१० साली जनावरांसाठी बांधलेल्या इमारतीत १९८१ साली ही नाचगाण्याची जागा सुरू झाली. एक लाख चौरस फुटांच्या घरातली जागा. छताला आरशाच्या तुकड्यांनी मढवलेलं घोड्याचं खोगीर फिरतं. आत एका बाजूला चक्क बैलावर बसायच्या शर्यतीचं रिंगण आहे आणि बैल खरे! बाहेर रस्त्यावरून रोज दोन वेळा लांब शिंगांची गुरं मिरवत नेतात, टोपीवाले घोडेस्वार मागंपुढं. यांनी शिंगं बघितली आणि म्हणाले, "शिंगं आहेत, पण खिलाराचा डौल नाही." शेजारच्या माणसालाही हेच इंग्रजीत पटवून देत होते.

तिथली जोड्यांची नाचायची पद्धत बघण्यासारखी. टू-स्टेप म्हणतात. दोन जलद पावलं, दोन सावकाश. सगळ्या जोड्या मैदानाभोवती एकाच दिशेनं फिरतात, देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोब्बर उलट. वेगानं जाणाऱ्यांनी बाहेरच्या कडेनं जायचं, सावकाश जाणाऱ्यांनी आतून, आणि आमच्यासारख्या रांगवाल्यांनी अगदी मधे. कुणी पाटी लावलेली नाही, पण सगळे पाळतात. आपल्या स्टँडवर एवढी शिस्त असती तर! बाईनं मात्र जवळजवळ सगळा वेळ उलट्या पावली चालायचं, हे मला काही पटलं नाही. पण एक सत्तरीतली बाई घागरा सावरत पाठमोरी अशी सरसर जात होती की तिच्या नवऱ्यालाच धाप लागली.

आणि ते सिनेमात दाखवतात तसं, गुरं हाकून आले की काऊबॉय असे रांगेनं नाचायचे, यात काही तथ्य नाही. रांगेतला हा नाच खरा रुजला १९७० नंतर, डिस्कोच्या दिवसांत. मग ह्यूस्टनजवळच्या पॅसाडीनातल्या एका नाचघरावर बेतलेला सिनेमा १९८० साली आला आणि कचेरीत बसणारे लोकही टोप्या-बूट चढवून नाचायला लागले. १९९२च्या सुमारास तर असल्या नाचांचं देशभर पेवच फुटलं. जोड्यांचा नाच त्याहून पुष्कळ जुना. टेक्सासात जर्मन आणि चेक शेतकरी येऊन वसले, त्यांनी पोल्का, वॉल्ट्झ सोबत आणले आणि गावोगाव लाकडी नाचघरं बांधली. न्यू ब्राउनफेल्सजवळचं १८७८ सालचं नाचघर अजून चालू आहे. जावई नेतो म्हणतोय. कॉटन-आइड जो नावाच्या एका जुन्या गाण्यावर सगळे एकमेकांच्या कमरेत हात घालून लाथ झाडतात आणि ओरडतात. काय ओरडतात ते नातीनं मला सांगितलं. पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता नावाचं. वर्गाचे कागद आणि सरावाचे व्हिडिओ मोबाइलवर एका ग्रुपवर येतात. त्यात शिरायचं तर एक टोपणनाव निवडावं लागतं, खरं नाव दिसत नाही. नात शिकवायला बसली. नाव घालायचं नाही, जन्मसाल नाही, गाव नाही, शाळा नाही. का, तर बँकवाले खात्री करायला हेच विचारतात, आईचं माहेरचं आडनाव, पहिली शाळा असलं. वर्गातल्या एकीनं आपल्या गेलेल्या कुत्र्याचं नाव घेतलंय, त्यावरही नातीनं नाक मुरडलं. बँका तेही विचारतात म्हणे.

मला काही सुचेना. तूच बघ, आपल्याला नाव निवडायला कधी कुणी सांगितलं होतं? माझं बारशाला आत्यानं ठेवलं. लग्नात तांदळात अंगठीनं दुसरंच लिहिलं गेलं. तुझं तर तांदळात लिहिलेलंही टिकलं नाही, कारण त्या नावाची जाऊ घरात आधीच होती. त्यानंतर मी शाळेत नुसती बाई, घरी हिची आई, आता आजी. नातीनं "आजी, तुला काय हवंय?" असं विचारलं, तर मी उठून चहाच टाकला.

लेक म्हणाली, टेक्सास आजी घे. नको म्हटलं, आजी काय घरी आहेच. मी नातीला कुसुमाग्रजांचं सांगितलं, धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या नावावरून शिरवाडकरांनी घेतलेलं. तर म्हणते, "म्हणजे तेही कुणाचं तरी कोणीतरीच झाले ना!" उत्तर नव्हतं माझ्याकडं. मग ठणठणपाळ आठवला. तू वाचनालयातून ललित मासिक आणायचीस आणि जयवंत दळवींचं त्या टोपणनावाचं सदर आधी कोण वाचणार यावरून आपली भांडणं व्हायची. तसलं काहीतरी खणखणीत हवं, असं वाटायला लागलं.

वाट दाखवली त्या ट्रकवाल्यांनी. ग्रुपवर त्यांचं नाव बिस्किट. पन्नास वर्षांपूर्वीचं म्हणाले, रेडिओवरचं. १९७३ साली अरबांनी तेल रोखलं, इथं डिझेलची टंचाई झाली आणि पुढच्या वर्षी देशभर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. ट्रकवाल्याचं पोट मैलांवर. मग कुठल्या पंपावर डिझेल आहे, पोलीस कुठं दबा धरून बसलेत, हे सगळे सीबी रेडिओवरून, म्हणजे ट्रकमधल्या बोलायच्या बिनतारी यंत्रावरून, एकमेकांना कळवायचे, १९ नंबरच्या चॅनेलवर. नियमानं परवान्याचा क्रमांक सांगून बोलायचं. पण पोलिसाची खबर स्वतःच्या क्रमांकानिशी कोण देणार? म्हणून टोपणनावं. पुढं त्याची इतकी हवा झाली की १९७६ला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डही त्यावर 'फर्स्ट मामा' म्हणून बोलायच्या. (इथं मामा म्हणजे आई.) बिस्किटांनी आपल्या नावाचं कारण मात्र सांगितलं नाही. उलट मलाच विचारलं, "वळताना तुम्ही ओठातल्या ओठात काय पुटपुटता? मंत्र?"

मी पाऊणकी म्हणून दाखवली. चार पाऊण तीनला ते स्वतःच वळून समोर आले आणि टाळी वाजवली.

तेच नाव घेतलं. पाऊणकी! तिथं देवनागरी चालत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत. नातीनं दोन-दोनदा तपासलं, ते नाव कुणीच घेतलेलं नव्हतं. कोण घेणार? ह्या लोकांना त्याचा उच्चार होत नाही. बाई 'पॉनकी' म्हणतात, बिस्किट 'पंकी'. मी दोन्हींना ओ देते. परवा दुकानात भाजी घेताना लांबून कुणी तरी "पॉनकी!" अशी हाक मारली आणि हे माझ्याकडं बघतच राहिले. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. जेवताना हळूच विचारलं, "मलाही असं काहीतरी घेता येईल का?" आता वहीत यादी करत बसलेत. बँकेत आयुष्य काढलेला माणूस, प्रत्येक नावापुढं फायदे-तोटे लिहितोय.

बाकी इकडं सगळं ठीक. थंडी अजून म्हणावी तशी नाही. तू दिलेली शेंगदाण्याची चटणी संपली, जावयानं डबा चाटूनपुसून ठेवला. तुझी साखर तपासून घेतलीस का? टाळाटाळ करू नकोस. घराच्या किल्ल्या शेजारी आहेत, एकदा जाऊन खिडक्या उघडून ये आणि पत्रपेटीत लाइट बिल पडलं असेल तर भरून टाक. हिशेब आल्यावर करू. डिसेंबरात निघतोय.

दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.
तुझी धाकटी

ता. क. यांनी शेवटी टोपी घेतलीच, चांगली रुंद कडेची. इथं म्हणतात ती पलंगावर ठेवायची नाही, अपशकुन होतो. आणि बॅगेत घातली तर चेपते. तेव्हा डोक्यावर घालूनच येणार आहेत. सांगली स्टेशनवर ज्याला न्यायला पाठवशील त्याला तेवढं सांगून ठेव.