प्रोटीन कुठे बसलंय तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पानावरचा लिव्हर कॅन्सरचा लेख वाचला. पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारी प्रोटीन्स चांगली, ती कमी झाली की कॅन्सर पसरतो, असं त्यात सरळ लिहून टाकलंय. हे अर्धंच आहे हो, आणि उरलेलं अर्धं न सांगितल्यानं पेशंटच्या घरात काय होतं ते मी बघितलंय. माझ्या आत्याच्या लिव्हरमधली गाठ काढली तेव्हा पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये "बीटा-कॅटेनिन पॉझिटिव्ह, न्यूक्लियसमध्ये" असं आलं होतं. मी मोबाईलवर शोधलं, पेशी जोडणारं प्रोटीन आहे असं वाचलं, आणि घरात सगळ्यांना सांगून मोकळी झाले की चांगलं आहे, पॉझिटिव्ह आहे. "न्यूक्लियसमध्ये", म्हणजे पेशीच्या जीन्स असलेल्या केंद्रात, हा शब्द मी वाचला आणि सोडून दिला, आणि खरं सगळं त्याच शब्दात होतं. त्या दोन दिवसांत आत्याला दिलेला दिलासा परत घ्यायला लागला ते मला अजून सलतं.

म्हणून जरा सविस्तर लिहिते. लिव्हरच्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्यात मोठा वाटा ई-कॅडहेरिनचा. जपानच्या मासातोशी ताकेइचींनी १९७०-८० च्या दशकांत दाखवलं की कॅल्शियम असेल तरच ही पकड टिकते, कॅडहेरिन हे नावही त्यावरूनच पडलं. या प्रोटीनचं एक टोक पेशीबाहेर असतं, ते शेजारणीच्या ई-कॅडहेरिनला धरतं, आणि आतलं टोक बीटा-कॅटेनिनला धरतं, आणि बीटा-कॅटेनिन पुढे पेशीच्या आतल्या सांगाड्याशी जोडलेलं असतं. म्हणजे पेशीच्या कडेला बसलेलं बीटा-कॅटेनिन हे जोडकाम करणारं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हेच प्रोटीन मोकळं सुटलं तर न्यूक्लियसमध्ये जाऊन वाढीचे जीन्स चालू करतं. निरोगी पेशीत जास्तीचं बीटा-कॅटेनिन लगेच मोडून टाकलं जातं, पण साधारण २० ते ३५ टक्के लिव्हर कॅन्सरमध्ये त्याच्याच जीनमध्ये असं म्युटेशन असतं की मोडण्यासाठी जी खूण लागायला हवी ती लागतच नाही आणि ते साठत जातं. प्रोटीन तेच, फक्त जागा बदलली की काम बदललं! आणि अशा गाठी मायक्रोस्कोपखाली कधीकधी साध्या लिव्हरच्या पेशींसारख्याच दिसतात आणि आत इम्यून पेशी, म्हणजे शरीराच्या बचावाच्या पेशी, कमी असतात, त्यामुळे त्याच पेशींना कामाला लावणाऱ्या इम्युनोथेरपीचा उपयोग यांच्यात किती होतो यावर बराच अभ्यास चालू आहे.

आता ई-कॅडहेरिन कमी होणं, ज्यावर तुमचा सगळा लेख होता. ते खरंच घडतं. त्याचा जीन १६ नंबरच्या क्रोमोसोमवर आहे, लिव्हर कॅन्सरमध्ये तो तुकडा बऱ्याचदा हरवलेला असतो, किंवा जीन जागेवर असतो पण त्यावर मेथिलेशन होऊन, म्हणजे एक रासायनिक खूण लागून, तो बंद पडतो, किंवा स्नेल आणि ट्विस्ट नावाची प्रोटीन्स त्याला दाबून ठेवतात. पकड सैल झाली की पेशी सुटी होते. लिव्हरमध्ये हे जास्त धोक्याचं का, तर तिथे पेशी आणि रक्त यांच्यात एक बारीकशी फटच असते, बाकी अवयवांत असतो तसा घट्ट पडदा नसतो, त्यामुळे सुटलेल्या पेशीला रक्तापर्यंत पोचायला लांब जावं लागत नाही. पोर्टल व्हेनमध्ये, म्हणजे आतड्याकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेत, शिरली की ती लिव्हरच्याच दुसऱ्या भागात जाऊन बसते, म्हणून सर्जन रिपोर्टमध्ये रक्तवाहिनीत शिरकाव आहे का तेच आधी बघतात. ऑपरेशन झाल्यावरही ५ वर्षांत निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये गाठ परत येते, त्यामागे हे एक मोठं कारण.

पण सुटलेल्या पेशीला नव्या जागी परत चिकटायला लागतं ना! तिथे इंटिग्रिन लागतात, सीडी४४ लागतं, ही पेशीला आजूबाजूला धरून ठेवणारी दुसरी प्रोटीन्स. २०१९ मध्ये ब्रेस्ट कॅन्सरच्या उंदरांवरच्या कामात तर असं दिसलं की ई-कॅडहेरिन काढून टाकलं तर पेशी आसपास जास्त घुसल्या पण लांबच्या अवयवात गाठी कमी झाल्या, कारण एकट्या पडलेल्या पेशी तगल्याच नाहीत. ते लिव्हरचं काम नाही हे मला माहितीये, पण विचार करायला लावणारं आहे. आणि एपकॅम घ्या, तेही चिकटवणारंच, मोठ्या माणसाच्या लिव्हरच्या मुख्य पेशींत ते नसतं, पित्तनलिकेच्या पेशींत असतं, आणि काही गाठींमध्ये ते परत उगवतं तेव्हा गाठ जास्त आक्रमक असते. इथे चिकट प्रोटीन जास्त म्हणजे वाईट बातमी.

तेव्हा विनंती एवढीच की प्रोटीनची बातमी छापताना ते पेशीच्या कडेला होतं की न्यूक्लियसमध्ये, आणि प्रयोग डिशमधल्या पेशींवर, उंदरांवर की माणसाच्या गाठीवर, हे एका ओळीत लिहा. जागा नसेल तर "कॅन्सर रोखणारं प्रोटीन सापडलं" हे हेडिंग काढून ती जागा घ्या. २०२२ मध्ये जगात लिव्हर कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे पेशंट होते आणि साधारण ७ लाख ५८ हजार माणसं गेली, एवढ्या घरांत कुणीतरी मोबाईल घेऊन रिपोर्टमधले शब्द शोधत बसलेलं असणार. आणि त्याच पानावर हिपॅटायटीस बीच्या लशीचं आणि सिरॉसिसवाल्यांनी (लिव्हरवर व्रण पडून ते कडक झालेल्यांनी) दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करण्याचं एक वाक्य असू द्या, तैवाननं १९८४ मध्ये बाळांना ही लस सुरू केली आणि नंतर तिथे मुलांमधला लिव्हर कॅन्सर कमी झाला, हे माणसांत दिसलेलं आहे.

आत्या आता ठरल्या तारखांना स्कॅनला जाते. रिपोर्ट आला की मी आधी डॉक्टरांना विचारते, मग घरी फोन करते.

आपली,
एक नियमित वाचक