मंजे, निवाडा तूच कर

प्रिय मंजे,

इथे कुणाला सांगितलं तर "मग त्यात काय झालं?" म्हणतात. आमच्या घरच्यांनी तर "दुसरा झगा शीव" असा सल्ला देऊन टाकला. म्हणून तुला लिहितेय. तब्येत बरी आहे, खांदा अधूनमधून धरतो, ते सोड.

तर झगा पूर्ण झाला! हर्योल्फ्सनेसचाच. १९२१ साली ग्रीनलंडच्या त्या दफनभूमीत कपडे निघाले ना, ज्यांचे फोटो पाठवून मी तुला बेजार केलं होतं, त्यातल्या एकावरून बेतलाय. जमीन गोठलेली, म्हणून लोकर टिकली आणि शिवण कुठून कुठे गेलीय तेही आज दिसतं. पुढे-मागे मधोमध तिकोनी तुकड्यांच्या कळ्या, दोन्ही कुशींना कळ्या, कापड जराही वाया नाही. नाना असते तर हात फिरवून बघत बसले असते. रंग आपल्या मंजिष्ठेच्या इथल्या बहिणीचा. आधी लोकर तुरटीत, मग मुळांच्या पाण्यात, आणि उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर लालाचा तपकिरी होतो. सगळी शिवण हातानं, लोकरीच्याच दोऱ्यानं. आतलीसुद्धा! मावळ्यांच्या अंगरख्यांना तू चेन लावलीस आणि वर "पहिल्या रांगेलाही दिसत नाही" म्हणालीस, ते मी अजून विसरलेले नाही. दिसत नव्हती, पण तो नट चालायचा चेनवाल्यासारखाच. माझं मत तेच आहे.

आता मुद्दा. ऑगस्टात स्वीडनच्या गॉटलंड बेटावर, विस्बी शहरात मध्ययुग सप्ताह असतो, १९८४ पासून चालू आहे, अख्खं गाव तटाच्या आत जुन्या वेषात वावरतं. जुना काळ वेषासकट उभा करणारा आमचा गट १३६१ सालचा. डेन्मार्कचा राजा वाल्देमार गॉटलंडवर उतरला, २७ जुलैला शेतकरी त्याच्याशी तटाबाहेर लढले आणि शहराचे दरवाजे बंदच राहिले. अठराशेच्या आसपास माणसं गेली म्हणतात. सामूहिक कबरी खणल्या तेव्हा कवट्यांवर साखळीच्या टोप्या तशाच होत्या. मला त्यातल्या एकाची बायको व्हायचं होतं. तटाबाहेर चूल मांडून बसायचं आणि येणाऱ्याला हे सगळं सांगायचं.

गटप्रमुख बाईंचा निरोप आला: तू पूर्वेकडची व्यापारीण हो ना, रेशीम, मसाले, छान दिसशील. वाईट हेतू नाही गं त्यांचा, खरंच नाही. पुरावेही दिले. गॉटलंडवरच्याच स्पिलिंग्जला १९९९ मध्ये सापडलेली ६७ किलो चांदी, त्यात हजारो अरबी नाणी. स्वीडनमधल्याच हेल्यो बेटावर सापडलेली आपल्याकडची बुद्धमूर्ती. पण मंजे, ती चांदी नवव्या शतकातली, मूर्ती त्याहूनही जुनी. आणि नाणी हातोहात, रशियाच्या नद्यांवरून आली. १३६१ च्या विस्बीत हिंदुस्थानातली बाई रेशीम विकत बसल्याचा पुरावा कुठाय? टाक्याटाक्याचा पुरावा मागणाऱ्या गटात माझ्यापुरता अंदाज कसा चालतो? चेहरा बघायचा तर १३६१ चा चेहरा आमच्यात एकाचाही नाही. सगळ्यांचे दात शाबूत, निम्म्यांना चष्मे.

मला राग आलाय, आणि रागापेक्षा वाईट वाटलंय. ही काही कुणाची कुलपरंपरा नाही, हे हातानं कमवायचं काम आहे. सांगलीत राजे कोण व्हायचे आणि त्यांच्या जिरेटोपाला टाके कुणी घातले, आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा आपण कडेला उभ्या राहिलो, कारण आपलं काम तेवढंच होतं. इथे मी स्वतः शिवलेलं स्वतः घालणार होते.

मी नाही म्हणणार आहे. आले तर याच झग्यात, नाहीतर आलेच नाही. तुला हा हेकटपणा वाटतो का, ते स्पष्ट लिही. त्यांना महिनाअखेरीस कळवायचंय.

दुकानाची नवी जागा मिळाली का? धाकट्याचा दहावीचा निकाल कळव. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना नमस्कार. आणि नानांची ती जाड कात्री तुझ्याकडेच आहे, मला माहीत आहे. पुढच्या खेपेला घेऊन जाणार. नाही म्हणू नकोस.

तुझी,
सुमी