मास्तर, तुझ्या त्या एका वाक्यासाठी

छत्रपती संभाजीनगर,
2 फेब्रुवारी 2025

प्रिय मास्तर,

सप्रेम नमस्कार. मागच्या रविवारी फोनवर तू म्हणालास, "आता कोण चित्रं काढून घेतंय? सगळं कॉम्प्युटरच करायलाय." तेव्हा मी गप्प बसलो. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून कागद घेऊन बसलो. फोनवर तू मधेच तोडतोस, पत्रात तोडता येत नाही.

25 जानेवारीला संध्याकाळी पद्म पुरस्कार जाहीर झाले आणि त्यात सुलेखनकार अच्युत पालवांना पद्मश्री. होस्टेलच्या खोलीत बोरू घासत त्यांच्या अक्षरांची नक्कल करताना आपल्याला किती वेळा पहाट झाली, आठव. मोडी लिपीचा एवढा अभ्यास केलेला माणूस, पण शिक्षण आपल्यासारखंच, उपयोजित कलेचं, मुंबईच्या जे.जे.मधलं. आपल्या घरचे त्यालाच "बोर्ड रंगवायचा कोर्स" म्हणायचे. माझ्या वडिलांना बातमी वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण पेपर घडी घालून उशाला ठेवला.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला निघताना मोबाइल उघडला, तर गूगलचं प्रजासत्ताक दिनाचं डूडल, खास दिवशी गूगलच्या नावाच्या जागी येतं ते चित्र. लडाखी पोशाखातला हिमबिबट्या, वाद्य घेऊन दोन पायांवर उभा राहिलेला वाघ, उडता मोर, हातात दंड घेऊन चाललेलं हरीण, संचलनच निघालेलं. काढणारा पुण्याचा रोहन दहोत्रे. जनावराला कपडे चढवले की त्याचं सोंग होतं, हे आपण कितीदा करून पाहिलंय. इथं बिबट्या बिबट्याच राहिलाय. आदल्या वर्षीच्या 26 जानेवारीचं डूडल वृंदा झवेरीचं होतं, जुन्या डबा टीव्हीपासून मोबाइलपर्यंत पडदे कसे बदलत गेले त्याचं. लागोपाठ दोन वर्षं आपल्याकडची नावं, आणि दोन्ही वेळा चित्रासोबत चित्रकाराचं नाव स्वच्छ छापलेलं. मला त्या नावाबद्दलच बोलायचंय.

15 ऑगस्ट 2023 चं डूडल तू पाहिलं नसशील. दिल्लीच्या नम्रता कुमार यांनी देशभरच्या विणकामांचा, छापकामांचा आणि कशिद्यांचा शोध घेऊन ते केलं होतं. पंजाबची फुलकारी, कच्छची अजरख, केरळचा कसावू, आणि महाराष्ट्राची म्हणून आपली पैठणी. मी त्याची मोठी प्रिंट काढून पैठणला घेऊन गेलो. मावशीच्या गल्लीत एक म्हातारे विणकर आहेत, त्यांच्या मागावर ती ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं. मग मला पदर दाखवत बसले. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, ती हातानं ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, फिरवायची, एका रंगाचा धागा दुसऱ्यात अडकवायचा. म्हणून पदर उलटा केला तरी मोर तसाच दिसतो. दिवसभर बसून काही बोटं कापड पुढं सरकतं. शेवटी विचारलं, "ह्या बाईचं नाव छापून आलं का रे?" मी म्हणालो, "हो, आलं." ते म्हणाले, "बरं झालं. आमचं साडीवर कधी आलं नाही." हे ऐकून मला परतीच्या एसटीत काही सुचेना.

कारण माझंही तेच झालंय, तुला कधी सांगितलं नव्हतं. एका प्रकाशकासाठी पैठणच्या नाथसागरावरच्या रोहित पक्ष्यांचं (फ्लेमिंगोंचं) मुखपृष्ठ केलं होतं. पाच वेळा बदल करून घेतले. छपाईत निळा जांभळट झाला, ते मी सोसलं. स्क्रीनवरचा निळा कागदावर उतरत नाही हे माहीत असून मी छपाईआधी नमुन्याचं प्रूफ मागितलं नाही, ती चूक माझी. पण आत नावच नव्हतं. पुढं तेच चित्र न विचारता पोस्टरवर आणि कॅलेंडरवर आलं. पैसे एकदाच मिळाले, तेही सहा महिन्यांनी.

तेव्हापासून कॉपीराइटचा 1957 चा कायदा जवळ ठेवलाय. कलम 57 वाच. हक्क विकून टाकले तरी "हे काम माझं आहे" म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. कलम 19 प्रमाणं हक्क द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आपल्याला कॉलेजात रंगचक्र तीनदा शिकवलं, हे एकदाही नाही. तू तुझ्या पोरांना सांग. इलस्ट्रेशन करणारं एखादं पोरगं नक्की निघेल तुझ्या वर्गातून.

आता मुद्द्याचं. मला लहान मुलांच्या पुस्तकाचं काम आलंय, ज्वारीच्या सुगीवर. पेरणीपासून खळ्यापर्यंत सोळा चित्रं. या वेळी आधी कागद केला: निम्मे पैसे आगाऊ, रफला, म्हणजे कच्च्या चित्राला, दोन वेळा बदल, त्यापुढच्या बदलाचे वेगळे पैसे, नाव आतल्या पानावर आणि मुखपृष्ठावरही. मी धरून चाललो होतो की काम हातचं जाईल. पुस्तकवाले एका फोनमध्ये तयार झाले.

सोळातली आठ तू काढावीस असं मला वाटतं, आणि मी त्यांच्याशी तसं बोललोही आहे. बैलाची मान जुवाखाली कशी वाकते, हे तुझ्याइतकं कुणाला जमत नाही. मला तर मुळीच नाही. मी केलेले चार रफ फाडले. तू पेन्सिलनंच काढ, स्कॅन मी करून घेतो. दोन नावं जातील, तुझं आधी, कारण बैल पहिल्या पानावर आहेत.

पुढच्या शनिवारी शाळा सुटली की निघ. शेतात हुरडा आलाय, आगटी पेटवून बसू आणि करार नीट वाचू. येताना तुझी ती जुनी लाल स्केचबुक आण, आंब्याच्या झाडाखाली बसलेल्या बैलांची.

तुझाच,
खोलीतला सोबती