डॅन्यूबवरचा दगडी पूल

रेगेन्सबुर्ग, जर्मनी

ती. बाबा यांस सा. न. वि. वि.

इतका जुना पूल, मग पाया घातला कसा, हे तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

११३५ च्या उन्हाळ्यात डॅन्यूब फार आटली होती. ती संधी साधून काम सुरू केलं आणि ११४६ मध्ये पूल पुरा झाला. तीनशे मीटरहून जास्त लांबी आणि सोळा कमानी, अवघ्या अकरा वर्षांत! प्रत्येक खांबाच्या बुडाशी होडीच्या आकाराचं बेट केलंय, म्हणजे पाण्याचा मार बेटावर बसतो. पण या बेटांनी नदीची वाट अडवली. कमानीखालून पाणी असं उसळून निघतं की पलीकडे भोवरे पडतात. तुम्ही कठड्यावरून तासभर हलला नसतात.

पुलाला खरा घाव माणसांनी घातला. १९४५ च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्यानेच सुरुंग लावून काही कमानी उडवल्या. त्या पूर्ववत व्हायला १९६७ साल उजाडलं.

त्यानंतरचा त्रास मात्र तुमच्या ओळखीचा: वरून झिरपणारं पाणी. त्यात इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते खारट पाणी सांध्यांत उतरतं, गोठतं, फुगतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. नदीनं साडेआठशे वर्षांत जे केलं नाही, ते मिठानं आणि गाड्यांनी काही दशकांत करत आणलं. शेवटी लोकांनी मतदान करून १९९७ मध्ये खाजगी गाड्या बंद केल्या. २००८ मध्ये बसही बंद झाल्या, पण त्या मतदानानं नव्हे. मला त्या मतदानाचं फार अप्रूप वाटतं. रोजची सोय सोडायला गावानं स्वतः हात वर केला. मग २०१० ते २०१८ अशी आठ वर्षं दुरुस्ती चालली.

पुलावर डोळ्यांवर हात धरून बसलेला एक दगडी माणूस आहे. म्हणे, पूल बांधणाऱ्यानं कॅथेड्रलच्या मिस्त्रीशी पैज लावून सैतानाची मदत घेतली, आणि पहिल्यांदा पूल ओलांडणारे तीन जीव त्याला कबूल केले. मग आधी कोंबडा, कोंबडी नि कुत्रा सोडला! गोष्ट झकास आहे, पण आत्ताचं कॅथेड्रल पुलानंतर शंभरहून अधिक वर्षांनी सुरू झालं.

खांबाच्या बुडाचं चित्र मागच्या पानावर काढलंय. बेटाचं टोक प्रवाहाकडे बरोबर दाखवलंय का, तेवढं बघून कळवा.

ती. आईस सा. न.

तुमचा,
सचिन